तीन नंबरची गाडी बोगद्यात

मिस्त्री सकाळी दहाला येतो म्हणाला होता आणि चक्क दहाला आला. ताईला आधी त्याचंच नवल वाटलं. या घरात वेळेवर यायच्या त्या फक्त अण्णांच्या गाड्या, आणि त्याही कुठून येत नसत की कुठे जात नसत. मागच्या अंगणात बेचाळीस मीटर रुळांवर गोल फिरून जिथल्या तिथे उभ्या राहायच्या. आज तर तेवढंही जमलं नव्हतं. पावणेदहाला निघालेली तीन नंबरची गाडी बोगद्यात शिरली होती आणि आतच बसली होती.

"कुठून खणायचं?" मिस्त्रीने कुदळ भिंतीला टेकवून विचारलं.

ताईने त्याला बोळातून नेऊन सामानाच्या शेडमागची, मागच्या खोलीच्या खिडकीखालची चुन्याची रेघ दाखवली. काल संध्याकाळी तिने ती स्वतःच्या हाताने मारली होती. शेडपासून निघून ती रेघ सरळ अण्णांचा पूल, रुळांचा सांधा आणि स्टेशनाचा अर्धा फलाट पोटात घेत होती. त्याला इलाज नव्हता. घराच्या पुढे रस्ता, एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला हा अरुंद बोळ, आणि सांडपाण्याचा पाइप मागच्या बाजूला. आईसाठी खाली खोली आणि न्हाणीघर बांधायचं तर ते इथेच होणार होतं, नाहीतर होणारच नव्हतं.

आईचं खुब्याचं हाड मोडून चार महिने झाले होते. इस्पितळात एक्स-रे काढणं हे ताईचं रोजचं काम, त्यामुळे तोही तिनेच काढला होता, आणि पडद्यावर ती चीर तिलाच आधी दिसली होती. ऑपरेशन झालं, वॉकर धरून दहा पावलं टाकता यायला लागली. पण न्हाणीघर वरच्या मजल्यावर, अकरा पायऱ्या चढून. आजोबांनी घर बांधलं तेव्हा या घरात कोणी म्हातारं होणार नाही असं त्यांनी धरलं असावं. मग आईची कॉट खाली मागच्या खोलीत आली, दोरीवर एक फुलाफुलांचा पडदा आला आणि पडद्यामागे एक भांडं आलं. ती खोली म्हणजे अंगण आणि स्वयंपाकघर यांच्यामधला रस्ताच. ज्याला तहान लागेल तो तिथून जायचा.

"हे बघा ताई," मिस्त्री म्हणाला, "उद्यापासून मी मोठ्या कामावर जातोय, सहा महिने. आज पाया खणून झाला तर पुढचं माझा भाऊ उचलेल. आज नाही तर मग माझं नाव घेऊ नका. आणि एक सांगतो, मालकाने हो म्हटल्याशिवाय मी कुदळ घालत नाही. एका ठिकाणी म्हातारबुवा माझ्या पुढ्यात आडवे झोपले होते."

"म्हणतील हो. आज त्यांच्याकडून हो म्हणवून घेतल्याशिवाय मी हलत नाही."

"पण मी इथे शेडमागे. मला कसं कळायचं?"

इथे ताईची चूक झाली, आणि ती चूक या घरातल्या माणसांनाच सुचली असती. या घरात 'हो' म्हणायची रीतच वेगळी होती. अण्णांच्या गाड्या आधी टेबलावर धावायच्या, निवृत्तीनंतर अंगणात उतरल्या, आणि पहिल्यापासून त्यांचा नियम एकच. रुळावर एका वेळी एकच गाडी. ती परत आली, रूळ मोकळा झाला, की 'लाइन क्लिअर' अशी हाक द्यायची आणि मगच पुढची सोडायची. ती हाक हळूहळू घरभर पसरली. न्हाणीघर रिकामं झालं तरी 'लाइन क्लिअर', सहलीला जायची परवानगी मिळाली तरी 'लाइन क्लिअर'. ताईचं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी मुलाकडच्यांनाही तोंडभरून तेच सांगितलं होतं आणि ती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"'लाइन क्लिअर' अशी हाक आली की घाला कुदळ," ताई म्हणाली. आज रविवार, आज ही हाक दर दहा मिनिटांनी होते, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण गाडी बोगद्यात अडकलेली, म्हणजे ती निघेपर्यंत कोणी हाक देणार नव्हतं. तेवढ्यात अण्णांना गाठायचं असा तिने हिशेब केला आणि ती अंगणात गेली.

अंगणात चार पुरुष एका फूटभर उंचीच्या बोगद्याभोवती गोळा झाले होते. अण्णा गुडघ्यांवर बसले होते. हेडमास्तर, म्हणजे अण्णांचे शाळासोबती, गळ्यात शिट्टी आणि काखेत वेळापत्रकाची वही घेऊन उभे होते. शाळा सुटून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण शिट्टी सुटली नव्हती. दातांचे डॉक्टर चक्क पालथे झोपले होते आणि उजवा हात खांद्यापर्यंत बोगद्यात घालून दवाखान्यातल्या आरशाने आत बघत होते. आणि चौथा ताईचा धाकटा भाऊ, हातात हिरवं निशाण घेऊन.

निशाण बघून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुवारी फोनवर हाच म्हणाला होता, ताई, या वेळी मी तुझ्या बाजूने.

"अण्णा, मिस्त्री आलाय."

"येऊ दे. चहा द्या त्याला."

"तो चहा प्यायला नाही आलेला. खणायला आलाय."

"तीन नंबर बोगद्यात आहे," अण्णा म्हणाले.

"मला दिसतंय ते."

"मग गाडी आत असताना विषय काढू नये, एवढं कळत नाही?"

"गाडी बाहेर असताना काढला तर तुम्ही म्हणता गाडी चालू आहे. गाडी पेटीत ठेवली की म्हणता आता दमलो. मी विषय काढायचा तरी कधी? वेळापत्रकात माझी वेळ लिहून ठेवा ना कुठेतरी!"

हेडमास्तरांनी खरोखरच वही उघडली. "पाच आणि सहा नंबरच्या मध्ये आठ मिनिटं मोकळी आहेत," ते म्हणाले.

"मास्तरकाका, तुम्ही गप्प बसा हो." हेडमास्तरांना आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. ते वही मिटून गप्प बसले.

"थोडा हलला," डॉक्टर जमिनीवरून म्हणाले. "मागचा डबा हलतोय. इंजिनाच्या चाकात काहीतरी रुतलंय. आता जरासुद्धा दुखणार नाही." हे शेवटचं ते इंजिनाला म्हणाले की सवयीने, ते कळलं नाही.

ताई भावाकडे वळली. "तू काही बोलणार आहेस का?"

"बोलतो ना," धाकटा म्हणाला. "गाडी निघू दे."

"तीन महिने नकाशे कोण काढतोय? तू की मी?"

धाकटा नकाशेच काढायचा, मोठ्या कार्यालयात, मोठमोठ्या इमारतींचे. आईच्या खोलीचे त्याने तीन काढले होते. पहिल्या दोहोंत रुळांना धक्का न लावता खोली बसवली होती. एकात न्हाणीघर इतकं निमुळतं झालं होतं की बाईने आडवं होऊन आत जावं आणि बाहेर येताना देवावर भरवसा ठेवावा. दुसऱ्यात गाडी खोलीतूनच जात होती, भिंतीत दोन भोकं ठेवून. हे त्याने गंमत म्हणून काढलं नव्हतं. तिसरा नकाशा ताईने त्याच्या शेजारी बसून, पट्टी हातात धरून काढून घेतला होता, आणि तो अण्णांना दाखवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी शेपूट घातलं होतं.

"ताई, अण्णांचीही बाजू आहे ना गं," धाकटा हळूच म्हणाला.

"आहे ना! सगळ्यांना बाजू आहे. एक आईच मधोमध पडलीय."

एवढ्यात मागच्या दारातून भावजय आली. तिच्या हातात झाकलेलं भांडं होतं. ती कुणाकडे न बघता चौघांच्या मधून चालत गेली, कोपऱ्यातल्या चेंबरचं झाकण काढलं, भांडं उपडं केलं, नळाखाली धरलं. डॉक्टरांनी तोंड बोगद्याकडे फिरवलं.

"मला काही बोलायचं नाही," भावजय परत येताना म्हणाली. तिने असं म्हटलं की पुढे बरंच असायचं. "फक्त एवढंच, की दिवसातून सहा वेळा मी हे करते आणि सहाही वेळा त्या माझी माफी मागतात. सासू सुनेची माफी मागते. मला ऐकवत नाही. ताई, तुम्ही म्हणाल त्यावर माझी सही आहे."

मागच्याच महिन्यात या दोघी तीन आठवडे एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईला कोणी सांभाळायचं यावरूनच फाटलं होतं. आज भावजय येऊन नणंदेच्या शेजारी उभी राहिली आणि धाकट्याने निशाण पाठीमागे लपवलं.

अण्णा उठले. गुडघ्यांची माती झटकली. "एवढं आहे तर तिला तुझ्याकडे ने," ते ताईला म्हणाले. "तुझ्या इमारतीत लिफ्ट आहे. मीच देखरेख करून बसवलीय. अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी, तिला काय होणार नाही."

हे ताईला लागलं. ऑपरेशननंतर आठ दिवस आई तिच्याकडेच होती, आणि आठही दिवस रोज संध्याकाळी, मला घरी सोड, माझं घर आहे ना, असं म्हणत रडली होती. अण्णांना हे माहीत होतं.

"अडतीस वर्षं," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "कुणा परक्या बाईला जिना चढवत नाही असा निरोप आला की तुम्ही भरल्या ताटावरून उठून जायचात. आम्ही बघितलंय. आणि स्वतःच्या बायकोला चार महिने अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसून काढतोय तिला आम्ही, आणि तुम्ही म्हणता गाडी निघू दे!"

"तिची काही तक्रार नाही," अण्णा म्हणाले. "मी विचारतो तिला रोज. बरी आहे म्हणते. खिडकीतून गाड्या बघते, तिचाही वेळ जातो. तुम्हीच मिळून तिच्या तोंडी भलतं घालताय." मग त्यांचा स्वर उतरला. "निवृत्त झालो तेव्हा तीन महिने भिंतीकडे तोंड करून बसलो होतो मी. विसरलात? या रुळांनी उठवलंय मला. मास्तरांची बायको गेली, ते इतर दिवशी कुणाशी बोलत नाहीत, रविवारी इथे येऊन शिट्टी वाजवतात. आणि तुम्ही म्हणता तिथे संडास बांधा."

हे खोटं नव्हतं, आणि तेच ताईला जास्त सतावत होतं. अण्णा नुसते हट्टी असते तर तिने एव्हाना त्यांना गुंडाळून ठेवलं असतं.

"पूल चार हात सरकवता येईल," हेडमास्तर म्हणाले.

"सरकवता येणार नाही," अण्णा म्हणाले. "वळण बसत नाही. मी मोजून बघितलंय."

"म्हणजे मोजलंत तरी!" ताई म्हणाली.

"लाइन क्लिअर!"

हाक खणखणीत आली. धाकट्याने सवयीने निशाण वर केलं. शेडमागून 'धप्' असा आवाज झाला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला काहीतरी लाकडी कडकडून मोडलं. अण्णा इतक्या वेगाने धावले की ताईला पहिल्यांदा त्यांच्याच खुब्याची काळजी वाटली.

पूल गेला होता. म्हणजे पुलाचा एक खांब गेला होता आणि बाकीचा पूल त्याच्यामागून खड्ड्यात उतरला होता. रुळाचं एक टोक वर आलं होतं. मिस्त्री खड्ड्यात उभा राहून घाम पुसत होता. "माती मऊ आहे," तो आनंदाने म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल."

"कोणी सांगितलं तुला?" अण्णा ओरडले.

"हाक आली ना. लाइन क्लिअर. ताई म्हणाल्या होत्या, हाक आली की घाला."

अण्णा गर्रकन ताईकडे वळले आणि मग हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला.

"माझ्याकडे काय बघताय? गाडी बोगद्यात आहे! गाडी आत असताना मी लाइन क्लिअर देईन? मी?" त्यांनी काखेतली वही पुढे केली. "बारा वर्षांत एकदा तरी दिलीय का बघा!"

"मी आत तोंड घालून होतो," डॉक्टर म्हणाले. ते हातात आरसा घेऊन मागून आले होते.

धाकट्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. एवढं मोठ्याने तो कधी काही बोललाच नव्हता.

"बाईमाणसाचा आवाज होता," मिस्त्री म्हणाला. "त्या खिडकीतून आला."

सगळे मागच्या खोलीत शिरले. भावजयीने पडदा सरकवला. आई कॉटच्या कडेला बसली होती, दोन्ही हातांनी वॉकर धरून, आणि ओरडल्यामुळे तिला धाप लागली होती.

"मी म्हटलं," ती म्हणाली.

"तू?" अण्णा म्हणाले. "तुला माहीत होतं तो काय समजेल ते?"

"माझ्याच खिडकीखाली उभं राहून ठरवलं ना हिने आणि त्याने. माझा खुबा मोडलाय, कान नाही."

"अगं पण गाडी सेक्शनमध्ये होती, बोगद्यात!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. आईने मात्र अण्णांकडे शांतपणे बघितलं आणि मग डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, मागच्या रविवारी तुम्ही पाणी प्यायला आलात."

"हो, आलो असेन," डॉक्टर म्हणाले.

"पडद्याच्या त्या बाजूला तुम्ही आणि या बाजूला मी. भांड्यावर. तुम्ही विचारलंत, वहिनी, कशा आहात? मी म्हटलं, बरी आहे. मग तुम्ही मला कुणाच्या तरी अक्कलदाढेची हकीकत सांगितलीत. दहा मिनिटं. आणि मी मध्ये मध्ये हं हं म्हणत तशीच बसून राहिले. आवाज होईल म्हणून श्वास धरून."

डॉक्टरांनी हातातल्या आरशाकडे बघितलं आणि तो खिशात घातला. "वहिनी, मला खरंच..." ते म्हणाले.

"तुमची काही चूक नाही हो. तुम्ही आपुलकीने विचारलंत." मग ती अण्णांना म्हणाली, "आणि मला गाड्या दिसत नाहीत. खिडकी उंच आहे. पडल्या पडल्या आभाळ दिसतं आणि मास्तरांची टोपी."

"मला सांगायचंस," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलं. चारदा सांगितलं. चारही वेळा तुम्ही म्हणालात, बघू. आणि गेलात बघायला. गाडीकडे."

ताईला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आता आईचाही येत होता. चार महिने तिने या घरात घसा फोडला, भाऊ झाला, भावजय झाली, बापाशी भांडण झालं, आणि ज्या बाईसाठी हे सगळं, ती सगळ्यांना 'बरी आहे' म्हणत बसली होती. "आई, हे तू आधीच सर्वांसमोर बोलली असतीस तर?" ती म्हणाली. "मी वाईट ठरले ना सगळीकडे!"

"तू वाईट ठरून घेतेस चटकन," आई म्हणाली. "मला ते कधी जमलं नाही. आज जमलं. पडदा ओढा आता."

भावजयीने पडदा ओढला. अण्णा बाहेर गेले. ताई त्यांच्यामागे धावली, कारण ते मिस्त्रीला हाकलतील याची तिला खात्री होती. अण्णा खड्ड्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. पुलाकडे बघत राहिले. या पुलाचे खांब त्यांनी एका हिवाळ्यात एकेक करून तासले होते. मिस्त्री कुदळीवर रेलून वाट बघत होता.

"दाराला कडी कुठे लावणार?" अण्णांनी विचारलं.

"कडी?" मिस्त्री म्हणाला. "साहेब, अजून पायासुद्धा झाला नाही."

"आतून लागली पाहिजे. बाहेरून नको. आणि फार वर नको, तिचा हात वर जात नाही." मग ते थांबले. "किती जातो, ते..."

ते त्यांना माहीत नव्हतं. रुळापासून फलाटाची उंची, बोगद्याची कमान, प्रत्येक डब्याची लांबी, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली.

"अण्णा, ते मी नंतर मोजून देते," ताई वैतागून म्हणाली. "कडी दोन महिन्यांनी बसेल. तुम्ही आधी त्याला तोंडाने हो म्हणा ना एकदा!"

"खण रे तू," अण्णा मिस्त्रीला म्हणाले. "मास्तर, फलाट उचलून ठेवा, त्याला आडवा येतोय." आणि ते टेप घेऊन घरात गेले.

ताई त्यांच्यामागोमाग दारापर्यंत गेली. अण्णा नेहमीच्या ढांगा टाकत मागच्या खोलीत शिरले, पडद्यापाशी पोचले, पडदा सारायला हात पुढे केला आणि तो तसाच मागे घेतला. त्यांनी खाकरून घसा साफ केला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेला माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या पडद्याबाहेर उभा राहून काय बोलावं याचा विचार करत होता.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," आई म्हणाली.

आत वॉकर सरकल्याचा आवाज झाला. मग पांघरूण झटकल्याचा. मग काहीच नाही. अंगणातून डॉक्टरांनी गाडी निघाल्याचं ओरडून सांगितलं आणि ताईने हातानेच त्यांना गप्प केलं. आईचं आत काहीही चाललं नव्हतं, ती मुद्दाम वेळ लावत होती, हे ताईला दारातून स्वच्छ कळत होतं. अण्णांनाही कळत असावं. ते टेप हातात धरून पडद्यासमोर उभे राहिले.